फटी बुजवल्या, ज्योत तशीच राहिली: गॅरेजमधील कार्यशाळा उबदार करण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण घराला लागून असलेल्या एका गॅरेजमध्ये घडले. ओळख पटू नये म्हणून नावे आणि ठिकाण येथे दिलेले नाही. गॅरेजचे मालक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आहेत. सुतारकाम हा त्यांचा व्यवसाय नसला, तरी सुट्टीचे दिवस आणि आठवड्यातील तीन-चार संध्याकाळी ते याच खोलीत काढतात. गाडी बाहेर उभी राहू लागली आणि तिच्या जागी टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत), ड्रिल, भुसा ओढणारे यंत्र, भिंतीवर रंधे-पटाशा आणि मधोमध एक जड कामाचे टेबल आले.

खोली ६ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि २.६ मीटर उंच आहे. एक लांब भिंत घराला सामाईक असून तिच्यात घरात जाण्याचे दार आहे. बाकीच्या भिंती विटांच्या व एकेरी जाडीच्या, वर आच्छादन नसलेले छत आणि समोर स्प्रिंगच्या आधाराने वर सरकणारा पत्र्याचा दरवाजा, अशी ही रचना होती. दरवाज्याखाली बोट जाईल एवढी फट होती. बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास उतरले की आत जेमतेम चार-पाच अंश सेल्सिअस असे. पहिला हिवाळा त्यांनी हातमोजे घालून निभावला. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी गॅस सिलिंडरवर चालणारा, चाकांवर फिरवता येणारा हीटर आणला. त्याला धुराडे नव्हते. जळलेल्या गॅसमधून जे काही निघेल, ते सगळे खोलीतच राहणार होते.

अडचण कशी सुरू झाली

थंडीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला आणि दुसराच उभा राहिला. टेबल सॉच्या बिडाच्या पृष्ठभागावर सकाळी पाण्याचे बारीक थेंब दिसू लागले आणि आठवडाभरात त्यावर तांबूस गंजाचे ठिपके उमटले. खिडकीच्या तावदानावरून पाणी ओघळे. दरवाज्याच्या फटीतून बाहेरची ओल आत येत असावी, अशी त्यांची समजूत झाली. ती सहज पटणारी होती, पण चुकीची होती.

शून्य अंशाची हवा एका घनमीटरमध्ये पाच ग्रॅमहून कमीच बाष्प धरू शकते, तर वीस अंशाची हवा सुमारे सतरा ग्रॅम धरते. म्हणजे बाहेरून येणारी गार हवा कोरडीच होती आणि ओल आतच तयार होत होती. सिलिंडरमध्ये असतो तसा एक किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यांचा हीटर साधारण ४.२ किलोवॅटचा होता, म्हणजे तासाला जवळपास तीनशे ग्रॅम गॅस जाळणारा. चार तास काम केले की दोन लिटर पाणी हवेत मिसळत होते आणि खोलीतील सर्वांत गार वस्तू शोधून, म्हणजे त्या बिडाच्या टेबलावर, थंड होऊन उतरत होते.

याच सुमारास त्यांनी मला फोन केला. मी घरे आणि छोट्या कार्यशाळांच्या वीजजोडणीचे व उष्णतारोधनाचे, म्हणजे आतली ऊब बाहेर जाऊ न देण्याचे, काम करतो. खोली गरम राहत नाही, गॅस फार जातो, काय करावे, असे त्यांनी विचारले. मी उत्तर दिले की आधी फटी बुजवा, त्याशिवाय कोणताही हीटर पुरणार नाही. आत काय जळते आहे, हे मी विचारले नाही. या प्रकरणातील पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू तोच होता आणि तो माझ्या हातून निसटला.

त्यांनी काम मन लावून केले. दरवाज्याच्या खालच्या कडेला जाड रबरी पट्टी बसवली, बाजूंना ब्रश लावले, खिडकीच्या चौकटीभोवती सिलिकॉन भरले, भिंतीतील जुन्या जाळीवर पुठ्ठा ठोकला. खोली लवकर तापू लागली. टेबलावरचे पाणी मात्र कमी होण्याऐवजी वाढले.

रविवारची दुपार

त्या रविवारी ते पुस्तकांचे एक मोठे कपाट जोडत होते. हीटर सकाळपासून चालू होता. दुपारी डोके जड झाले, तेव्हा त्यांनी दोष थिनरच्या वासाला दिला. दोन फळ्या चुकीच्या मापाने कापल्या गेल्या. त्यांच्यासारख्या काटेकोर माणसाकडून एकाच दिवशी असे दोनदा होणे ही खूण होती, पण ज्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो आहे, त्याला ती स्वतःहून ओळखता येत नाही. चौथ्या तासाला मुलगी हाक मारायला आली, तेव्हा ते स्टुलावर डोके धरून बसले होते आणि हीटरच्या जाळीत एरवी निळी-लालसर दिसणारी ज्योत पिवळी होऊन लपलपत होती. “काही नाही, वास चढलाय,” असे ते म्हणाले. तिने वाद घातला नाही. “बाबा, आधी बाहेर चला,” म्हणत तिने त्यांना दंडाला धरून उघड्यावर आणले, मोठा दरवाजा वर केला आणि मग बाहेरून श्वास भरून घेऊन आत जाऊन सिलिंडरची कळ बंद केली. माणूस आधी आणि हीटर नंतर, हा तिचा क्रम अगदी बरोबर होता. दरवाजा उघडला नसता, तर कळ बंद करायला पुन्हा आत जाणेही धोक्याचे ठरले असते.

दुसरा निर्णयबिंदू पुढच्या दहा मिनिटांत आला. घरात बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर होता. त्यावर आकडा आला ९८. मोकळ्या हवेत त्यांना थोडे बरेही वाटू लागले होते, त्यामुळे आता विश्रांती घ्यावी, असा घरात सूर निघाला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: गॅस अपुरा जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि हिमोग्लोबिन हा रक्तात प्राणवायू वाहून नेणारा घटक असतो. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि यंत्राला ते रक्तही लालच दिसते. म्हणून या विषबाधेत ९८ हा आकडा काहीच सांगत नाही. मुलीने आकड्यापेक्षा पिवळ्या ज्योतीवर विश्वास ठेवला आणि त्यांना रुग्णालयात नेले. तेथे रक्ततपासणीत कार्बन मोनॉक्साइड आढळला आणि मास्कने शुद्ध प्राणवायू देण्यात आला. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर ते काम साधारण तास-दीड तासात होते. रात्री उशिरा ते घरी परतले.

घराच्या बोळात धूरसूचक यंत्र होते आणि ते चालू स्थितीत होते. ते वाजले नाही, कारण ते धूर ओळखते. कार्बन मोनॉक्साइडला धूर नसतो, रंग नसतो आणि वासही नसतो.

नंतर हीटर तपासला, तेव्हा बर्नरला हवा पुरवणाऱ्या छिद्रांत बोटाने खरवडून काढावा लागेल इतका मऊ, पिठासारखा भुसा दाबून बसलेला आढळला. गॅसला पुरेशी हवा मिळत नव्हती. त्यात खोलीच्या फटी बंद. खोलीतील प्राणवायू कमी होऊ लागला की ज्वलन आणखी अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड आणखी वेगाने वाढतो. अशा काही हीटरमध्ये प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर गॅस बंद करणारी सोय असते, पण ती प्राणवायू मोजते, विषारी वायू नव्हे. तुंबलेला बर्नर त्या मर्यादेच्या कितीतरी आधी घात करू शकतो.

पर्यायांचा विचार

आठवड्याने मी प्रत्यक्ष पाहणीला गेलो. कोणता हीटर घ्यावा, असा प्रश्न त्यांनी विचारला. मी तो बाजूला ठेवून आधी हिशेब मांडला. फटी बुजवण्याआधीची अवस्था धरली, तर आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे खोली सुमारे १९५ वॉट उष्णता गमावत होती. त्यांत भिंतींचा वाटा ६० वॉटच्या आसपास, छताचा ५०, हवेच्या गळतीचा ३५ आणि दरवाज्याच्या पत्र्याचा ३० होता. उरलेला जमीन व खिडकीचा. बाहेर शून्य आणि आत १५ अंश हवे असतील, तर जवळपास २.९ किलोवॅट सतत लागणार होते. छत आणि दरवाजा यांचे रोधन केले व गळती आटोक्यात ठेवली, तर हीच गरज दीड किलोवॅटवर येत होती. हा आकडा कागदावर आला आणि निवड बदलली, कारण दीड किलोवॅट घरगुती विजेवर सहज भागतात. त्यासाठी आत काही जाळण्याची गरज उरत नाही.

तोच गॅस हीटर स्वच्छ करून, खिडकी किलकिली ठेवून वापरावा, असे त्यांचे पहिले मत होते. मी त्याला ठाम विरोध केला. गारठ्यात काम करणारा माणूस खिडकी कधीतरी लावून घेणारच, आणि पाण्याचा प्रश्न तर तसाच राहणार होता. लाकडाच्या शेगडीचा मोह मोठा होता, कारण तुकडे घरचेच. पण प्लायवूड आणि रसायन लावलेल्या लाकडाचा धूर विषारी असतो. शिवाय भुसा ओढणारे यंत्र हवा बाहेर फेकू लागले की बंद खोलीत कमी दाब तयार होतो आणि धुराड्यातील धूर उलटा आत येऊ शकतो. हा धोका फार थोड्यांच्या लक्षात येतो. लाल तापणाऱ्या तारेचा पंखेवाला हीटर स्वस्त खरा, पण तो खोलीतील हवा ओढून तापलेल्या तारेवरून नेतो आणि त्या हवेत बारीक भुसा असतो. तोही बाद ठरला.

धुराडे थेट बाहेर असलेला आणि ज्वलनाची हवाही बाहेरूनच घेणारा बंदिस्त गॅस हीटर सुरक्षित ठरला असता, मात्र दिवसाला दोन-तीन तासांच्या वापरासाठी भिंत फोडण्याची त्यांची तयारी नव्हती. हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी, सौम्य थंडीत एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता देतो. त्याचा विचार पुढे ढकलला, कारण रोधनाविना तो बसवणे म्हणजे भोकाच्या बादलीसाठी मोठा नळ आणणे होते. शेवटी तेलाचा रेडिएटर (आत बंदिस्त असलेले तेल विजेने तापवणारा, काहीही न जाळणारा हीटर) आणि कामाच्या टेबलावर छताला टांगायचे कमी तापमानाचे इन्फ्रारेड पॅनेल या जोडीवर एकमत झाले. रेडिएटरला उघडी तार नसते. पॅनेल हवेऐवजी माणसाला आणि टेबलावरच्या वस्तूला ऊब देते.

प्रत्यक्ष कृती

या वेळी क्रम आधी ठरवला आणि त्यात बदल होऊ दिला नाही. सर्वांत आधी गॅस हीटर आणि सिलिंडर खोलीतून कायमचे बाहेर गेले. त्यानंतर पेट्रोलचा डबा, गवत कापण्याचे यंत्र आणि थिनरचे कॅन मागच्या वेगळ्या पत्र्याच्या खोलीत हलवले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि जमिनीलगत पसरते. उणे ४० अंशांच्या आसपासही ती पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणून थंडीत पेट्रोल निरुपद्रवी असते हा समज खोटा आहे. जवसाच्या तेलाने पॉलिश केलेली फडकी ते एका खोक्यात चुरगळून टाकत असत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेल्या फडक्यांत ती साठून ती आपोआप पेटू शकतात. उबदार खोलीत तर अधिकच. आता ती बाहेर एकेक करून पसरून वाळवली जातात.

विजेची पाहणी करताना मला जे दिसले, ते येथे नोंदवतो. सगळी यंत्रे एका एक्स्टेंशन बोर्डावर होती आणि त्याची उरलेली वायर वेटोळे करून खिळ्याला टांगलेली होती. प्लग ओढून काढला, तेव्हा एका पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडून किंचित फुगलेले होते. २ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्यातच दीड किलोवॅटची करवत सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट प्रवाह मागते. वेटोळ्यातील वायरीची उष्णता बाहेर पडत नाही आणि सैल पिनेवर ती एकवटते. वायरमनकडून रेडिएटरसाठी स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) बसवून घेतला. हीटर एक्स्टेंशनवर चालवायचा नाही, हा नियम त्यांनी विजेच्या बोर्डाशेजारी खडूने लिहून ठेवला आहे.

मग रोधन. छताला १०० मिलिमीटर मिनरल वूल (खनिज तंतूंचा रोधक थर) आणि त्याखाली जिप्सम बोर्ड. दरवाज्यावर त्यांनी मी येण्याआधीच उघडे थर्माकोल चिकटवायला घेतले होते. ते थांबवावे लागले, कारण ते पेटले की वितळून जळते थेंब खाली गळतात आणि करवतीची ठिणगीही त्याला पुरते. शिवाय वर सरकणाऱ्या दरवाज्याचे वजन स्प्रिंगने तोललेले असते. त्यात काही किलोंची भर पडली की तोल बिघडतो आणि दरवाजा अर्ध्यातून आपटू शकतो. अखेर दोन्ही बाजूंनी पत्रा असलेली हलकी रोधक पॅनेल लावली आणि स्प्रिंगचा ताण जाणकार कारागिराकडून पुन्हा जुळवून घेतला. ही स्प्रिंग घरी हाताळू नये. तिच्यात हात मोडण्याइतकी ताकद साठलेली असते.

आत ज्योत नसतानाही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला, कारण दारासमोर गाडी चालू ठेवली तरी तिचा धूर आत आणि तेथून घरात येऊ शकतो. अलार्म कमी प्रमाणावर लगेच वाजत नाही, हेही त्यांना समजावून सांगितले. युरोपीय मानकानुसार दशलक्ष भागांत ५० भाग असतील तर तो ६० ते ९० मिनिटांनी, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भागांना ३ मिनिटांच्या आत वाजतो. म्हणून तो अखेरचा राखणदार धरावा. तो शांत आहे म्हणून आत काहीही पेटवायला मोकळीक मिळत नाही. घरात जाणाऱ्या दाराला आपोआप बंद होणारी कडी व कडेने रबर लावले. जाळीवरचा पुठ्ठा काढून तेथे उघडझाप करता येणारी झडप बसवली.

परिणाम

उरलेल्या हिवाळ्यात रेडिएटर लावल्यापासून साधारण तासाभरात खोली १४ अंशांवर येऊ लागली. पॅनेलखाली उभे राहिल्यास त्याआधीच काम सुरू करता येते. टेबल सॉवर पुन्हा पाणी दिसले नाही. डोकेदुखीही परतली नाही.

दोन गोष्टी मात्र अपेक्षेप्रमाणे झाल्या नाहीत. पहिली भुशाच्या यंत्राची. ते ताशी सुमारे हजार घनमीटर हवा बाहेर फेकते. खोलीचे आकारमान ५५ घनमीटर आहे, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांत सगळी ऊब निघून जाते. हवा गाळून आतच सोडावी, तर अतिसूक्ष्म भुसा मागे राहतो आणि लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे. ऊब वाचवण्यासाठी फुप्फुसे पणाला लावू नयेत, असे माझे मत होते आणि त्यांनी ते मानले. आता ते सगळी कापाकापी एका सलग बैठकीत, झडप उघडी ठेवून, मास्क लावून आणि हवा बाहेर सोडून करतात. जमीन-टेबलावरचा भुसा उचलून झाला की दारे लावून रेडिएटर सुरू करतात आणि जोडकाम करतात.

दुसरी गोष्ट गोंदाची. लाकडाचा पांढरा गोंद साधारण दहा अंशांखाली नीट पकडत नाही. सांध्यात पारदर्शक थराऐवजी खडूसारखी पांढरी भुकटी उरते आणि फळी हाताने उकलते. रात्रभर हीटर चालू ठेवून झोपावे का, असा प्रश्न आला. तेलाचा रेडिएटर असला, तरी भुसा आणि लाकूड असलेल्या खोलीत कोणी नसताना तो चालू ठेवणे मला मान्य नव्हते. त्यावर त्यांनीच तोडगा काढला. गोंदाची बाटली घरात राहते, फळ्या आदल्या दिवशी घरात आणल्या जातात, जोडकाम दुपारी सुरू होते आणि क्लॅम्प आवळल्यावर पहिले तीन-चार तास ते खोलीतच दुसरे काम करत थांबतात. लहान वस्तू तर जोडून सरळ घरात नेतात.

वेगळे काय करता आले असते

गॅस हीटर आणणे ही चूक होतीच, परंतु फटी होत्या तोपर्यंत तिने जीवावर बेतले नव्हते. धोका वाढला तो एका योग्य कामामुळे, जे चुकीच्या क्रमाने झाले. आधी ज्योत बाहेर, मग फटी बंद. एवढाच क्रम उलटा झाला आणि गारठा आत आणणारी जी फट ज्योतीला हवाही पुरवत होती, तीच नाहीशी झाली. तावदानावरचे पाणी हा त्याचा आठवडाभर आधी मिळालेला इशारा होता. ज्या खोलीत कोणी स्वयंपाक करत नाही, कपडे वाळवत नाही, तेथे धुराड्याविना ज्योत जळत असेल आणि तावदानावर पाणी ओघळत असेल, तर ते बहुधा ज्वलनातूनच येत आहे आणि त्याच वाटेने आणखी काय साठत असेल, हा विचार तेव्हाच व्हायला हवा होता.

फोनवर मला दोन मिनिटे अधिक काढता आली असती. आता रोधनाबद्दल कोणी विचारले की मी आधी तीन प्रश्न विचारतो: आत काय जळते, त्याचा धूर कोठे जातो आणि त्याला हवा कोठून मिळते. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत मी फटींबद्दल बोलत नाही.

उत्तरेकडच्या भिंतीचे रोधन अजून व्हायचे आहे. बाहेर जाणाऱ्या उरलेल्या उष्णतेतील सर्वांत मोठा वाटा आता भिंतींचाच आहे, त्यामुळे पुढच्या थंडीआधी ते काम हाती घ्यायचे आणि त्यानंतरच हीट पंपाचा हिशेब पुन्हा मांडायचा, असे आमचे ठरले आहे.